काम थांबलं तरी गोळी थांबवू नका



24 मार्च 2020 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि हातावरचं पोट असणारी घरं एका दिवसात रिकामी झाली. वडूजचा आठवडी बाजार बंद, बांधकामं बंद, टपऱ्या बंद. ऐन लग्नसराईत मंडपवाले, वाढपी, बँडवाले घरी बसले. सोनं-चांदी गाळायला परराज्यांत गेलेले खटाव-माणचे गलाई कामगार रिकाम्या हातांनी परतले.

आम्ही वस्तीत फिरू लागलो ते ताप-खोकल्याची चौकशी करायला. घरात गेल्यावर दुसरंच दिसलं. एका माउलीचा रक्तदाब 180 च्या वर गेलेला. गोळी घेता का विचारलं, तर म्हणाली, "घेते की ताई, अर्धी अर्धी. पंधरा दिवसांची महिनाभर पुरवते." दुसऱ्या घरी पोरं जेवायची, मग मालक, आणि उरलं तर ती बाई. टपरी बंद पडलेले एक दादा हप्त्याच्या काळजीनं रात्र रात्र जागत होते.

रेशनचं मोफत धान्य आलं, शिवभोजन थाळी 5 रुपयांना झाली. त्यानं जीव तगला. पण काम गेलं की पहिली काट औषधाला आणि बाईच्या ताटालाच लागते, हे आम्ही घराघरांत पाहिलं.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितलं, मग धम्म सांगितला. भूक हा आजारच आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

टाळेबंदी गेली, पण काम आजही कधीही सुटतं. म्हणून एवढं लक्षात ठेवा:

रक्तदाब वाढला तरी दुखत नाही, म्हणून गोळी अर्धी करू नका. लकवा न सांगता येतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. गोळ्या संपण्याआधी जा.

टीबीचं औषध मध्येच सोडलं तर पुढे तेच औषध लागू पडेनासं होतं. औषध मोफत आहे आणि आहारासाठी महिना 1000 रुपये खात्यावर येतात. नाव नोंदलंय का, विचारा.

घरात भाकरी कमी असेल तर सगळ्यांनी एकत्र बसून वाटून खा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचं ताट आधी वाढा.

झोप उडाली, जीव नकोसा वाटला, तर दारूकडे वळू नका. 14416 ला फोन लावा. मोफत आहे, मराठीत बोलतात.

आणि एक काम विहाराचं. पौर्णिमेच्या वंदनेनंतर एका वहीत लिहून ठेवा, कोणाच्या घरी रोजची गोळी चालू आहे. ज्याचं काम सुटलं, त्याच्या घरी आधी जा. आमच्या वहीचं पहिलं पान त्या अर्ध्या गोळीवाल्या माउलीच्या नावाचं आहे.