नाकाच्या अंतर्रचनेतील भेद आणि सायनसचे आकारमान : प्रतिमाशास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

मानवी कवटीत नाकाभोवती हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांना सायनस असे म्हणतात. वरच्या जबड्याच्या हाडातील मॅक्सिलरी सायनस ही त्यांतील सर्वांत मोठी पोकळी होय. प्रौढ व्यक्तीमध्ये तिचे घनफळ साधारणतः १५ घन सेंटिमीटर असते. इ. स. १६५१ मध्ये नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने तिचे सविस्तर वर्णन केले. एकाच चेहऱ्यातील उजवी व डावी पोकळी समान असतेच असे नाही. ही विषमता नाकाच्या रचनेतील भेदांशी निगडित आहे काय, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रमुख रचनाभेद

नाकाच्या दोन भागांमधील पडदा पूर्णतः सरळ असलेली माणसे थोडीच आढळतात. पडदा एका बाजूस झुकल्यास त्या बाजूचा मार्ग अरुंद होतो. नाकाच्या बाह्य भिंतीवर टर्बिनेट नावाच्या वळलेल्या अस्थी असतात. मधल्या टर्बिनेटमध्ये हवेची पोकळी निर्माण झाल्यास ती फुगलेली दिसते. या भेदास कोन्का बुलोसा असे नाव आहे. अनेकदा ज्या बाजूस असे टर्बिनेट असते, त्याच्या विरुद्ध बाजूस पडदा झुकलेला आढळतो. मॅक्सिलरी सायनसचे द्वार मधल्या टर्बिनेटच्या आडोशाला व पोकळीच्या तळापासून बरेच उंचावर असते. त्यामुळे स्रावाचा निचरा गुरुत्वाकर्षणाने न होता अस्तरावरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने होतो. द्वाराचा परिसर मोकळा असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मापनाची पद्धती

साध्या क्ष-किरण चित्रात अनेक अस्थींच्या छाया एकमेकींवर पडतात. १९७१ साली सी. टी. स्कॅनचा रुग्णावर प्रथम उपयोग झाला आणि ही अडचण दूर होण्याचा मार्ग खुला झाला. पोकळीची उंची, रुंदी व खोली मोजून सूत्राने घनफळ काढता येते. परंतु पोकळीचा आकार नियमित नसल्याने हे उत्तर स्थूल असते. प्रत्येक छेदातील क्षेत्रफळ आखून, त्यास छेदाच्या जाडीने गुणून केलेली बेरीज अधिक विश्वसनीय ठरते. वय व लिंग यांचाही आकारमानावर परिणाम होत असल्याने एकाच व्यक्तीच्या दोन बाजूंची तुलना करणे सयुक्तिक होय.

सहसंबंध आणि कारण

पडद्याचा झुकाव तीव्र असल्यास त्या बाजूची पोकळी लहान असते, असे काही अभ्यासांत आढळले. अन्य अभ्यासांत लक्षणीय फरक दिसला नाही. पोकळीची वाढ जन्मापूर्वी सुरू होऊन किशोरवयापर्यंत चालते. अडथळा याच काळात असल्यास वायुवीजन घटून वाढ खुंटली असेल, असे अनुमान करता येते. तथापि, चेहऱ्याच्या असमान वाढीतून पडद्याचा झुकाव व लहान पोकळी हे दोन्ही उद्भवणेही शक्य आहे. एका वेळी घेतलेली प्रतिमा सहअस्तित्व दाखविते, घटनांचा क्रम नाही. द्वार बंद झाल्याने पूर्ण वाढलेली पोकळीही आकुंचन पावू शकते. आतील दाब घटून भिंती आत ओढल्या जातात आणि डोळा खोल जातो. या विकारास १९९४ साली सायलेंट सायनस सिंड्रोम हे नाव मिळाले.

वैद्यकीय महत्त्व

जन्मतः अविकसित राहिलेली पोकळी साध्या क्ष-किरण चित्रात धूसर दिसते व दीर्घकालीन सायनसदाह असल्याचा भ्रम होऊ शकतो. १९९० मध्ये बोल्जर व सहकाऱ्यांनी अशा पोकळ्यांचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील काही प्रकारांत द्वाराजवळील अनसिनेट नावाचा अस्थिभाग खुरटलेला असतो किंवा आढळतच नाही. तो नेत्रकोटराच्या भिंतीस चिकटलेला असल्यास दुर्बिणीद्वारे होणाऱ्या शस्त्रक्रियेत उपकरण नेत्रकोटरात शिरण्याचा धोका संभवतो. शस्त्रक्रियेपूर्वी सी. टी. स्कॅनचे काळजीपूर्वक वाचन म्हणूनच अपरिहार्य आहे.

समारोप

रचनाभेद म्हणजे व्याधी नव्हे. प्रतिमेत वाकडा पडदा वा लहान पोकळी दिसली, एवढ्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे उचित नाही. लक्षणे, तपासणी व प्रतिमा यांचा मेळ बसल्यासच निदान ग्राह्य मानावे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे तत्त्व येथे थेट रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.