किती वेळ खेळतो, त्याआधी कसा खेळतो ते विचारा

उरणहून मुंबई गाठायला आज अनेक वाटा आहेत. मोरा बंदरातून लाँच पकडली की पाऊण-एक तासात भाऊचा धक्का येतो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल पोहोचली आणि त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. तरी लाँचने जाणारे आहेतच. ओहोटीला गाळामुळे फेरी रखडते, पावसाळ्यात समुद्र खवळला की खोळंबा होतो, हे ठाऊक असूनही कुणाला तीच वाट सोयीची वाटते, तर कुणाला निव्वळ वारा खात जायला आवडते. मुक्काम एकच असला तरी निवडलेल्या वाटेवरून त्या माणसाला त्या वेळी काय हवे आहे, याचा अंदाज येतो.

मुलाच्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या हातातल्या व्हिडिओ गेमकडे पाहताना आपण हा विचार क्वचितच करतो. ‘किती तास झाले?’ एवढेच विचारतो. तासांचा प्रश्न गैर नाही. झोप, अभ्यास आणि डोळे त्याच्याशी बांधलेले आहेत. पण संशोधकांना गेल्या काही वर्षांत जे दिसले आहे, त्यावरून तेवढ्या एका प्रश्नावर भागत नाही.

मुक्त जग म्हणजे काय?

बहुतेक गेममध्ये वाट आखून दिलेली असते. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा पुराणकथांवर बेतलेला गेम तसाच आहे. एक टप्पा संपला की पुढचा. याउलट ‘स्कायरिम’ (२०११), ‘द विचर ३’ (२०१५), ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) किंवा ‘एल्डन रिंग’ (२०२२) या गेममध्ये डोंगर, नद्या, गावे, गुहा असलेला एक अख्खा मुलूख खेळाडूच्या स्वाधीन केलेला असतो. मुख्य कथा असते, पण ती लगेच पुरी करण्याची सक्ती नसते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये सुरुवातीचे पठार ओलांडले की थेट शेवटच्या शत्रूवर चालून जाता येते किंवा महिनोन्महिने नुसते भटकताही येते. यांना ‘ओपन वर्ल्ड रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात.

त्यामुळे एकाच घरातले दोघे एकच गेम खेळत असले, तरी प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी करत असतात. एक जण कथा पुढे नेण्याच्या घाईत असतो. एका गावाहून दुसऱ्या गावी तो नकाशावर बोट ठेवून क्षणात पोहोचतो. दुसरा तेच अंतर पायी चालतो, कारण वाटेत काय दिसेल याची त्याला उत्सुकता असते. कुणी दिसेल ती वस्तू गोळा करून घरात रचून ठेवतो. कुणाला फक्त अवघड लढाया हव्या असतात. वीस वेळा हरल्यावर एकविसाव्या वेळी जिंकण्यात त्याचे सुख असते. कुणी पात्राच्या स्वभावात शिरतो आणि ‘माझा हा योद्धा चोरी करणार नाही’ म्हणून फायद्याची संधीही सोडतो. ‘द विचर ३’मध्ये तर राक्षस मारायचे सोडून खाणावळीत पत्ते कुटत बसणारे खेळाडू मुबलक आहेत.

चार पत्त्यांपासून सुरुवात

या तऱ्हांचा विचार जुना आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी ‘मड’ नावाचा, केवळ शब्दांवर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा गेम तयार केला. लोकांना यातून नेमके काय हवे असते, यावर अनुभवी खेळाडूंमध्ये झालेल्या लांबलचक चर्चेतून बार्टल यांनी १९९६ मध्ये चार प्रकार मांडले : काहीतरी मिळवणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि दुसऱ्यावर कुरघोडी करणारे. चौकट, इस्पिक, बदाम आणि किलवर अशा पत्त्यांच्या चार रंगांशी त्यांनी या प्रकारांची जोडी लावली.

मांडणी गाजली, पण ती निरीक्षणातून आलेली होती, मोजमापातून नव्हे. २००६ मध्ये निक यी या संशोधकाने सुमारे ३,००० ऑनलाइन खेळाडूंची उत्तरे तपासली. त्याला तीन मोठ्या प्रेरणा दिसल्या : यश, माणसे आणि त्या जगात बुडून जाणे. महत्त्वाचे म्हणजे या प्रेरणा एकमेकींना छेद देत नाहीत. ज्याला जिंकायला आवडते, त्याला मैत्रीही तितकीच प्रिय असू शकते. म्हणून ‘तू अमुक प्रकारचा’ असा शिक्का मारण्यात अर्थ नाही. परीक्षेच्या काळात शांतपणे भटकणारा मुलगा सुट्टीत लढायांमागे लागू शकतो.

भूक कशाची?

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाच्या मनाच्या तीन मूलभूत गरजा आहेत : स्वतःच्या मर्जीने काही करता येणे, ते जमल्याचे समाधान आणि आपले कुणीतरी असल्याची भावना. रायन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हीच फूटपट्टी गेमना लावली. या गरजा जितक्या भागतात, तितका गेम आवडतो आणि पुन्हा खेळावासा वाटतो, असे त्यांना आढळले.

आता त्या तऱ्हा पुन्हा पाहा. दिवसभर वेळापत्रकाला जुंपलेली व्यक्ती रात्री गेममध्ये उगाचच डोंगर चढते, तेव्हा तिला बहुधा मोकळीक हवी असते. कामात किंवा अभ्यासात सतत कमी पडल्यासारखे वाटणारा अवघड शत्रूशी झुंजतो, तेव्हा त्याला काहीतरी जमल्याचा पुरावा हवा असू शकतो. मित्रांपासून दूर गेलेला ऑनलाइन टोळीत रमतो, ते सोबतीसाठी. हे निदान नव्हे. बोलणे सुरू करायला धागा मात्र नक्कीच आहे.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सात गेमच्या जवळपास ३९,००० प्रौढ खेळाडूंचा सहा आठवडे मागोवा घेतला. खेळाडूंनी सांगितलेल्या वेळेवर विसंबून न राहता त्यांनी कंपन्यांकडून प्रत्यक्ष नोंदी घेतल्या. खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर दिसून येईल असा परिणाम जवळजवळ आढळला नाही. फरक दिसला तो प्रेरणेत. मनापासून आवडते म्हणून खेळणाऱ्यांचे स्वास्थ्य चांगले होते. ‘खेळलेच पाहिजे’ अशा ओढीने खेळणाऱ्यांचे कमी. अर्थात ही सरासरी मोठ्या माणसांची आहे. वाढत्या वयाच्या मुलांच्या झोपेला ती लावून मोकळे होता येणार नाही.

मेंदूतही फरक

खेळण्याच्या तऱ्हेचा परिणाम मेंदूवरही दिसू शकतो. कॅनडात मॉन्ट्रियल इथल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही तरुणांना ९० तास गोळीबाराचे गेम खेळायला दिले. वाट शोधताना आजूबाजूच्या खुणा ध्यानात ठेवणाऱ्यांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पस या भागातला करडा पदार्थ वाढल्याचे दिसले. स्मृती आणि दिशाज्ञानासाठी हा भाग महत्त्वाचा असतो. ‘इथून डावीकडे, मग उजवीकडे’ असे ठरावीक वळणांवर विसंबणाऱ्यांमध्ये मात्र तो घटला. गेम तेच आणि तासही तेवढेच होते.

हा अभ्यास छोटा आहे आणि मुक्त जगाच्या गेमवर झालेला नाही. पण त्यातले तत्त्व कोळीवाड्यातल्या जाणत्यांना सांगावे लागणार नाही. डोंगराचे टोक, देवळाचा कळस, दीपगृह अशा खुणांवरून होडी कुठे आहे हे ओळखणारा आणि पडद्यावरच्या बाणामागे जाणारा, दोघेही किनाऱ्याला लागतात. परिसर मनात साठतो तो पहिल्याच्या. गेममध्येही दिशादर्शक बाण बहुधा बंद करता येतो. तो बंद करून पाहायला हरकत नाही.

तऱ्हा तुमची की कंपनीची?

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक सवय खेळाडूची स्वतःची नसते. मोबाइलवर फुकट मिळणाऱ्या अनेक गेममध्ये रोजची हजेरी, रोजची कामे आणि ठरावीक मुदतीची बक्षिसे असतात. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’सारख्या गेममध्ये नवे पात्र मिळवण्यासाठी सोडत असते, हवे ते पात्र निघेलच याची खात्री नाही आणि जास्त वेळा नशीब आजमावायला पैसे मोजता येतात. भटकायला आवडणारी मुलगी रोज रात्री अर्ध्या झोपेत हजेरी लावू लागली, तर ती तिची आवड राहिली नाही.

सगळे काही गोळा करण्याचा हट्टही तपासून पाहावा. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ९०० कोरोक बिया लपवलेल्या आहेत. सामानाची पिशवी पूर्ण वाढवायला ४४१ पुरतात. सगळ्या ९०० आणणाऱ्याला निर्मात्यांनी बक्षीस म्हणून चक्क एक थट्टा ठेवली आहे! शोधण्यात मजा येत असेल तर शोधावे. मजा संपून नुसता आकडा उरला की थांबावे.

काळजी केव्हा करावी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे, ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यातली मुख्य लक्षणे तीन : खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला वाढते प्राधान्य आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. त्यामुळे घर, शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंध यांची ठळक हानी व्हायला हवी आणि हे साधारणपणे १२ महिने चाललेले असायला हवे. नुसते भरपूर तास खेळणे म्हणजे हा आजार नव्हे.

घरच्यांना मात्र १२ महिने वाट पाहायची गरज नाही. तऱ्हा बदलली की लक्ष द्यावे. मित्रांसोबत खेळणारा एकटाच खेळू लागला, कथेबद्दल भरभरून बोलणारा गप्प झाला, हरल्यावर हसणारा वस्तू आपटू लागला, झोप आणि जेवणाच्या वेळा सरकू लागल्या, पैशांबाबत लपवाछपवी सुरू झाली, तर कारण अनेकदा गेमच्या बाहेर असते. शाळेतला त्रास, नोकरीतला ताण किंवा नैराश्य यांची चौकशी तेव्हाच करावी.

घरात काय करता येईल?

‘बंद कर तो गेम’ याऐवजी ‘आज कुठवर पोहोचलास?’ असे विचारून पाहा. पाच मिनिटे शेजारी बसा. तो काय करतो आहे आणि त्यातले त्याला काय आवडते, ते ऐका.

थांबायची वेळ ठरवताना गेमचा स्वभाव लक्षात घ्या. ‘स्कायरिम’ हवे तेव्हा थांबवून खेळ जतन करता येतो. ‘एल्डन रिंग’मध्ये लढाई मध्येच थांबवता येत नाही आणि ऑनलाइन टोळीतून अचानक उठले तर इतरांचा खेळ मोडतो. अशा वेळी ‘ही लढाई संपली की बंद’ हा करार ‘आत्ताच्या आत्ता’पेक्षा जास्त पाळला जातो. त्यापुढे नवी लढाई नाही, हेही आधीच ठरवा.

वयाचा दर्जा तपासा. ‘स्कायरिम’ आणि ‘द विचर ३’ हे मोठ्यांसाठीचे गेम आहेत, लहान मुलांसाठी नव्हेत. मोबाइलला जोडलेल्या कार्डावर खरेदीचा पासवर्ड ठेवा. दर २० मिनिटांनी २० सेकंद दूरवर नजर टाकणे, तासाने उठून फिरणे आणि झोपण्यापूर्वीचा तासभर पडद्याविना ठेवणे, हे नियम सगळ्याच तऱ्हांच्या खेळाडूंना लागू आहेत.

ताबा सुटल्यासारखे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेशी १४४१६ या क्रमांकावर बोलता येते. ती मोफत आणि चोवीस तास उपलब्ध असते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट’ हे खास क्लिनिक २०१४ पासून चालते. तिथे किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना तासांच्या हिशेबासोबत तो काय खेळतो, कसा खेळतो आणि अलीकडे त्यात काय बदलले, हेही सांगा. उपचाराची दिशा ठरवायला त्याची मदत होईल.