दोन नळ्या आणि मधलं रबर

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गाला होटगी जंक्शनवर गदगचा फाटा फुटतो. तो फाटा मीटरगेज होता तोवर इथे माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चढवावा लागे. आता सगळंच ब्रॉडगेज झालं आहे. या फलाटावरून जाणाऱ्या प्रवासी डब्यांच्या बोगीत, म्हणजे चाकांच्या सांगाड्यात, एक वस्तू असते, तिच्याविषयी हा लेख आहे. जुन्या निळ्या आयसीएफ डब्यांच्या बोगीत अँकर लिंक नावाच्या दांड्या असतात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना रबरी ‘सायलेंट ब्लॉक’ बसवलेले असतात. नव्या लाल एलएचबी डब्यांची बोगी मुळात फियाटच्या आराखड्याची. तिच्याही कंट्रोल आर्मच्या सांध्यात रबर आहे. आणि एमएच-१३ ची पाटी लावून स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या एखाद्या जुन्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकामागे हीच वस्तू लहान आकारात सापडते. गॅरेजात तिला नुसतं ‘बुश’ म्हणतात.

बुशची रचना अगदी सोपी आहे. बाहेर लोखंडी नळी, आत तिच्याहून बारीक नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट बसवलेलं रबर. बाहेरची नळी लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, भोकात दाबून बसवतात. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि तो आवळला की ती नळी गाडीच्या सांगाड्याला जखडली जाते. चाक खड्ड्यात गेलं की आर्म खाली झुकतो, वर आलं की उचलला जातो. या हालचालीत कुठलाही भाग दुसऱ्यावर घासत नाही. मधलं रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा. घरी बुश बदलणाऱ्यांचे निम्मे घोटाळे ती विसरल्यामुळे होतात.

रबर येण्याआधी सांध्यात पितळी किंवा पोलादी बुश असे आणि त्याला सतत ग्रीस पाजावं लागे. बैलगाडीच्या आखाला वंगण आणि मोटारीच्या सांध्याला ग्रीसगन, काम एकच. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये लेओं तिरी यांच्या सायलेंट ब्लॉकने ही कटकट संपवली. दोन धातूंमध्ये दाबून भरलेलं रबर स्वतःच सांध्याचं काम करू लागलं. ग्रीस नको, आवाज नाही आणि रस्त्याची बारीक थरथरही वर पोचत नाही.

फियाटचं नाव निघालं म्हणून जाता जाता एक गोष्ट. १८८२ साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. त्यांचीच पुढची पिढी म्हणजे पद्मिनी. सोलापूरकराने या गाडीवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. पण घरी हात घालायला सोपी गाडी मारुती ८०० च. सुटे भाग अजून मिळतात, गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास आणि इंजिनाभोवती हात फिरवायला भरपूर जागा. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर असलेली सगळ्यात तरुण ८०० सुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेली आहे. तिचं मूळ रबर म्हातारं झालेलंच असणार.

त्यात होटगीचं हवामान. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, काळ्या मातीची धूळ असते, सिमेंट कारखान्याकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांनी रस्त्याच्या कडा खाल्लेल्या असतात. उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात. तरी माझ्या मते उन्हापेक्षा तेल जास्त घातक. इंजिनाच्या चेंबरमधून झिरपणारं ऑइल किंवा ड्राइव्हशाफ्टच्या फाटलेल्या बुटातून उडणारं ग्रीस बुशवर पडत राहिलं, की नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. अशा गाडीत आधी गळती बंद करा. नाहीतर नवा बुशही त्याच वाटेने जाईल.

ज्यांच्या गाडीचा पुढचा भाग खडखडतो, त्यांना बहुतेक वेळा शॉकॲब्सॉर्बर बदलायला सांगितलं जातं. पैसे जातात, आवाज राहतो. ८०० मध्ये पुढचा स्टॅबिलायझर बार दोन कामं करतो. वळणावर गाडी कलू देत नाही, आणि लोअर आर्मला पुढे-मागे सरकण्यापासूनही रोखतो. ब्रेक दाबला की चाक मागे ढकललं जातं आणि तो सगळा जोर या बारच्या टोकांवरच्या बुशांवर येतो. म्हणून ब्रेक लावताना किंवा सोडताना ‘ठक्’ असा एकच आवाज आला, गाडी एका बाजूला ओढली, टायर एका कडेने झिजला, तर संशय आधी बुशवर घ्यावा. खात्री करणं सोपं आहे. आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलकेच दाबा. चांगला बुश थोडा हलून जागेवर येतो. फाटलेला बुश मोकळा हलतो आणि फट डोळ्यांना दिसते.

कामाला लागण्याआधी सपाट, कठीण जमीन शोधा. शेणाने सारवलेलं किंवा मातीचं अंगण या कामाचं नाही. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेक ओढा, गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवा आणि मगच खाली जा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाणं हा जिवाशी खेळ आहे. याला कुठलाही अपवाद नाही.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच सुटं करणारं तेल मारून ठेवावं. चाक काढलं की बॉल जॉइंटचा बोल्ट, स्टॅबिलायझरच्या टोकाचा नट आणि आर्मचा आतला बोल्ट या तीन गोष्टी सुटल्यावर आर्म हातात येतो. वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने मांडून ठेवा, किंवा मोबाइलवर फोटो काढा. खरी झटापट पुढे असते. जुना बुश आर्ममध्ये घट्ट बसलेला असतो. हातोड्याने ठोकून काढला तर आर्मचं भोक वाकडं होतं. रबर जाळून काढणारेही पाहिले आहेत. तो धूर छातीसाठी वाईट. योग्य पद्धत अशी : बुशच्या बाहेरच्या नळीएवढी एक गोटी (पान्याचं सॉकेट) एका बाजूला, बुश आत मावेल एवढी मोठी गोटी दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही व्हाइसमध्ये धरून सावकाश दाबायचं. तरीही हलला नाही, तर बाहेरच्या नळीला हॅक्सॉने आतून एक चीर द्यायची. आर्मला पातं लागू द्यायचं नाही. हेही जमलं नाही तर आर्म पिशवीत घालून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे जावं. त्यात कमीपणा काही नाही. नवा बुश बसवताना साबणाचं पाणी लावा, इंजिन ऑइल नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी घोड्यांवर असताना चाक लोंबकळतं आणि आर्म सर्वांत खाली झुकलेला असतो. त्या अवस्थेत आतला बोल्ट पूर्ण आवळला, की आतली नळी तिथेच जखडली जाते. मग गाडी चाकांवर उतरली की आर्म वर जातो आणि रबर उभ्या गाडीतही कायम पिळलेलं राहतं. असा बुश काही महिन्यांत फाटतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. म्हणून घोड्यांवर असताना बोल्ट फक्त हाताने बसवा. चाक लावा, गाडी खाली घ्या, दोन्ही पुढची चाकं जाड, रुंद फळ्यांवर चढवा, बॉनेट दाबून गाडी दोनचारदा हलवा आणि मग खाली सरकून शेवटचं आवळा. टॉर्क रेंच मिळाला तर उत्तम. स्टॅबिलायझरच्या नटाला स्प्लिट पिन नवीनच घाला.

बाजारात पॉलियुरेथेनचे रंगीत बुशही मिळतात. ते टिकतात, पण ते पिळले जात नाहीत, घासतात. म्हणजे पुन्हा ग्रीस आलं, आणि रस्त्याची थरथर सरळ सीटपर्यंत. रोज होटगी-सोलापूर करणाऱ्या गाडीला साधं रबरच बरं.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या आणि आठवड्याभराने सगळे नट पुन्हा तपासा. बॉल जॉइंटही सैल झाला असेल तर मात्र बुश दाबत बसू नका. ८०० चा अख्खा लोअर आर्म बॉल जॉइंटसकट मिळतो, तोच घ्या. आणि बुश बदलायचे ते नेहमी दोन्ही बाजूंचे.