दुधाच्या पिशवीचा कोपरा

पिशवी फोडताना कोपऱ्याचा तो त्रिकोणी तुकडा पूर्ण कापू नका. नुसती चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे. दूध भांड्यात ओतलं की पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला, महिन्याची थप्पी भंगारवाल्याकडे. अख्खी पिशवी तो घेतो. तो चिमुकला तुकडा मात्र कोणीच वेचत नाही, मोरीतून थेट गटारात.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली, 1 जुलै 2022 पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, थर्माकोलच्या ताटल्याही बंद झाल्या. तरी भाजीवाल्याकडे ‘कापडी’ म्हणून मिळते ती पिशवी एकदा नीट बघा. आडवे-उभे धागे दिसत नाहीत, ठिपक्याठिपक्यांचा ठसा दिसतो ना? ते कापड नव्हे, पॉलिप्रॉपिलीन आहे. खात्री हवी असेल तर चिमट्यात कोपरा धरून काडी लावा (खिडकी उघडी ठेवून, आणि आईचं लक्ष नसताना). सुती कापडाची राख होते. हे आक्रसतं, वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

चहाचा कागदी कपही तसाच फसवा. आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर तो गळत नाही. टपरीवर काचेचा ग्लास मागा, बहुतेक ठिकाणी असतो.

माझ्या स्कूटरच्या डिकीत जुन्या परकराच्या दोन पिशव्या आणि मासळीसाठी स्टीलचा डबा कायम असतो. कोळीणमावशी पहिल्यांदा हसल्या. आता मी दिसलो की आधी डबाच मागतात.