भाड्याचं विमान आणि ‘आज नको’

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल तर फोडा, तांदूळ निवडत असाल तर निवडा, फक्त कान इकडे असू द्या. आज मी विमानाबद्दल बोलणार आहे. आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारं मोठं विमान नव्हे. मी सांगतेय ते आपल्या जीपपेक्षाही हलकं, चार माणसांचं, पुढे एक पंखा असलेलं छोटं विमान. बारामती, धुळे, गोंदिया या भागातल्या बायांनी ते डोक्यावर घिरट्या घालताना पाहिलं असेल. तिथे विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत. शिकणारी बहुतेक मुलं-मुली नोकरीसाठी शिकतात.

अमेरिकेत मात्र हजारो साधी माणसं नुसत्या हौसेनं असं विमान चालवतात. त्यांत शिक्षिका असतात, नर्स असतात, शेतकरी आणि दुकानदारही असतात. बहुतेकांकडे स्वतःचं विमान नसतं. आपण ट्रॅक्टर तासावर सांगतो, तसं ते विमान तासावर घेतात. माझी भाची तिकडे ओहायो राज्यात नोकरी करते आणि ती अशीच विमान चालवायला शिकली. गेल्या उन्हाळ्यात भाऊ-वहिनीबरोबर मीही तिच्याकडे गेले होते. तिथे जे पाहिलं, ते तुम्हाला सांगते.

भाडं कसं, परवाना कसा?

विमानात एक मीटर असतो. इंजिन चालू झालं की तो फिरू लागतो आणि इंजिन बंद झालं की थांबतो. जेवढे तास मीटरवर, तेवढं भाडं. बहुतेक ठिकाणी त्यात इंधन धरलेलं असतं. तासाला साधारण दीडशे ते दोनशे डॉलर, म्हणजे आपले बारा-तेरा हजार रुपये आणि त्याच्याही पुढे. स्वस्त नाही. भाची महिन्यातून एक-दोनदाच जाते आणि त्यासाठी पैसे बाजूला टाकते.

परवान्यासाठी वय किमान १७ लागतं. किमान ४० तास विमान चालवावं लागतं. त्यातले २० तास गुरूबरोबर आणि १० तास एकटीनं. बहुतेकांना याहून जास्त तास लागतात. लेखी परीक्षा असते, डॉक्टरची तपासणी असते, आणि शेवटी परीक्षक शेजारी बसून तोंडी प्रश्न विचारतो, विमान चालवून बघतो. परवाना मिळाला म्हणजे संपलं असंही नाही. दर दोन वर्षांनी गुरूसमोर पुन्हा चालवून दाखवावं लागतं. कुणाला सोबत न्यायचं असेल, तर मागच्या ९० दिवसांत किमान तीनदा विमान उडवून उतरवलेलं असावं लागतं. हात बसलेला नसेल, तर दुसऱ्याचा जीव सोबत घ्यायचा नाही, हा त्यामागचा अर्थ.

आणखी एक नियम मला फार आवडला. या परवान्यावर पैसे कमावता येत नाहीत. सोबतच्यांनी खर्च वाटून घेतला तर चालतो, पण चालवणाऱ्यानं आपला वाटा भरलाच पाहिजे. भाडोत्री माणसं नेण्यासाठी वरचा, जास्त कडक परवाना लागतो. पैसे घेतले की ‘नाही’ म्हणणं अवघड होतं, हे आपल्याला वडापच्या जीपवरून ठाऊक आहेच.

कागद हातात धरून तपासणी

विमानतळ म्हणजे काय, तर एक डांबरी पट्टी, दोन-तीन पत्र्याच्या शेड आणि एक छोटं ऑफिस. अमेरिकेत असे हजारो छोटे विमानतळ आहेत. बहुतेक ठिकाणी वरून सूचना देणारा मनोराही नसतो. चालवणाराच रेडिओवर सांगतो की मी अमुक गावाच्या विमानतळाजवळ आहे, या बाजूनं उतरतेय. घाटाच्या वळणावर आपण हॉर्न देतो ना, तसंच.

भाची विमानाभोवती फिरू लागली. हातात छापील कागद होता. एकेक ओळ वाचायची, ती वस्तू हात लावून बघायची, मग पुढची ओळ. पंखा, चाकं, पंखांचे सांधे, इंजिनातलं तेल, सगळं. मी म्हटलं, “एवढे दिवस झाले, अजून पाठ नाही झालं का गं?” ती म्हणाली, “पाठ झालंय, म्हणूनच कागद लागतो आत्या. पाठ झालेल्या कामातच एखादी गोष्ट राहून जाते.”

मग तिनं पंखाखालून एका पारदर्शक भांड्यात थोडं इंधन काढलं आणि उजेडात धरलं. हे इंधन निळसर असतं. मी विचारलं, हे कशाला? तर टाकी अर्धी रिकामी राहिली की रात्रीच्या गारव्यात आत दव धरतं. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. ते इंजिनात गेलं तर इंजिन हवेतच बंद पडेल. म्हणून तळाचं पाणी निघतंय का ते दर वेळी बघायचं. त्यानंतर तिनं वर चढून टाकीत पट्टी बुडवून इंधन मोजलं. काटा काय दाखवतो, यावर ती विसंबली नाही.

“तुझं स्वतःचं असतं तर एवढं बघितलं असतंस का?” मी विचारलं. “बघितलंच असतं. पण भाड्याचं आहे म्हणून जास्त बघते. माझ्याआधी कुणी काय केलंय, मला ठाऊक नाही.” तिथे एक वहीही असते. कुणाला काही बिघाड दिसला तर त्यानं वहीत लिहायचं. पुढच्यानं ती वही वाचूनच चावी घ्यायची. आपल्या गटाची शेवयांची मशीन, मसाल्याची चक्की आठवली मला. सगळ्यांची वस्तू म्हणजे कुणाचीच नाही, असं आपल्याकडे होतं. तिथे नियम असा की जिच्या हातात आत्ता चावी, तिचीच जबाबदारी.

कापूस वेचणारी बेसी

अशा तपासणीची किंमत सांगणारी एक खरी हकिगत आहे. बेसी कोलमन ही काळी मुलगी १८९२ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात जन्मली. घरची माणसं शेतात राबणारी. तीही लहानपणी कापूस वेचायची. पुढे शिकागो शहरात लोकांची नखं कापून-रंगवून पोट भरू लागली. तिच्या मनानं घेतलं की विमान चालवायचं. अमेरिकेतल्या शाळांनी तिला घेतलं नाही, कारण ती काळी आणि त्यात बाई. मग ती फ्रेंच भाषा शिकली, समुद्र ओलांडून फ्रान्सला गेली आणि १५ जून १९२१ रोजी तिनं परवाना मिळवला.

३० एप्रिल १९२६ रोजी ती एका विमानात मागच्या जागी बसली होती. तिचा मेकॅनिक विमान चालवत होता. दुसऱ्या दिवशीच्या खेळासाठी खालची जागा नीट दिसावी, म्हणून तिनं पट्टा बांधला नव्हता. विमान अचानक खाली झेपावलं आणि उलटलं. बेसी बाहेर फेकली गेली आणि मेली. विमान कोसळून मेकॅनिकही मेला. नंतर कळलं की विसरून राहिलेला एक पाना विमान वळवायच्या यंत्रणेत अडकला होता. एवढ्या अडचणींना पुरून उरलेली बाई, आणि घात केला तो एका पान्यानं आणि न बांधलेल्या पट्ट्यानं.

वजनकाटा आणि डबा

आता आमच्या दिवसाची गोष्ट. शनिवारी दुसऱ्या गावाच्या विमानतळावर जाऊन जेवून यायचं ठरलं होतं. तिकडे हौशी लोक असंच करतात. त्याला ते गमतीनं ‘शंभर डॉलरचा बर्गर’ म्हणतात. खायला जाण्याचाच खर्च तेवढा होतो ना!

सकाळी भाचीनं आम्हाला एकेक करून काट्यावर उभं केलं. वहिनी लाजली, म्हणाली, “मी काय ज्वारीचं पोतं आहे का?” पण त्यालाही कारण होतं. विमान चार जणांचं असलं, तरी टाक्या काठोकाठ भरल्या तर माणसं आणि सामान मिळून जेमतेम अडीचशे किलोच उचलतं. आम्ही चौघं आणि पिशव्या मिळून त्याच्या वर जात होतो. म्हणून तिनं टाक्या कमी भरायचं ठरवलं. दिवसा पोचल्यावरही अर्ध्या तासाचं इंधन शिल्लक राहील एवढं घ्यावं, असा नियम आहे. ती स्वतः एक तासाचं धरते. जड माणसं पुढे, हलकी मागे, हेही तिनं कागदावर मांडलं. बैलगाडी उलार झाली तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आम्ही नवी लुगडी नेसलो. मी धपाटे करून डबा बांधला. विमानतळावर पोचलो तर ऊन होतं. भाचीनं हवामानाचा अंदाज पुन्हा बघितला, पश्चिमेकडे पाहत थोडी उभी राहिली आणि म्हणाली, “आज नको.”

खरं सांगते, मला राग आला. एवढ्या लांबून आलो, डोक्यावर ऊन, आणि ही म्हणते नको! भाऊ म्हणाला, “अगं, तासाभराचंच तर आहे.” ती शांतपणे म्हणाली, “बाबा, जाताना ठीक आहे. येताना ढग खाली उतरलेले असतील.”

घरी आल्यावर तिनं मला ढगाचं समजावलं. “आत्या, फुगडी घालून एकदम थांबलं की काय होतं?” मी म्हटलं, “जमीन फिरते.” “जमीन फिरत नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारं पाणी असतं, ते फिरत राहतं. डोळ्यांना जमीन दिसते, म्हणून आपण सावरतो. ढगात जमीनच दिसत नाही. विमान एका अंगावर कलून वळत खाली जात असतं आणि चालवणाऱ्याला वाटतं, आपण सरळ चाललोय.” ढगात नुसत्या काट्यांवर विसंबून चालवायचं वेगळं शिक्षण असतं. ते न घेतलेला माणूस ढगात शिरला, तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. इंजिन बंद पडलं तरी हे विमान दगडासारखं खाली पडत नाही. एक किलोमीटर उंचीवर असेल तर तरंगत सुमारे नऊ किलोमीटर जाऊन शेतात उतरू शकतं. पण दिसतच नसेल, तर उतरणार कुठे?

फरशीवरचं पाणी

त्या रात्री मला झोप आली नाही. माझ्या माहेरच्या ओढ्यावर फरशी पूल आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, माझा चुलतभाऊ बायकोला मोटारसायकलवर घेऊन एका साखरपुड्याला निघाला. फरशीवरून पाणी वाहत होतं. तो थांबला होता, असं पलीकडून बघणारे सांगतात. पण मागून हाका सुरू झाल्या. “अरे, गुडघाभर तर आहे! घाबरतोस काय?” तो निघाला. वहिनी वाचली. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

त्याला गाडी चांगली चालवता येत होती. त्याला येत नव्हतं ते चारचौघांत ‘नको’ म्हणणं. आणि हाका मारणारे आपणच होतो. दुपारी विमानतळावर मी भाचीकडे ज्या नजरेनं बघितलं, तीही तसलीच एक हाक होती.

सकाळी उठून मी तिला म्हटलं, “काल तू बरोबर केलंस.” ती हसली. म्हणाली, “शनिवारी दुपारी तिकडे पाऊसच झाला नाही, आत्या. तरी मी बरोबरच होते.” ही गोष्ट मला पचायला वेळ लागला. निर्णय घेताना जे दिसत होतं, त्यावरून तो बरोबर होता. नंतर पाऊस पडला नाही, म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

नव्व्याण्णव जणी

बायांच्या गटाची एक गोष्ट सांगून संपवते. १९२९ साली अमेरिकेत परवाना असलेल्या बाया होत्या ११७. त्यांना पत्रं गेली की आपण एकत्र येऊ या, एकमेकींना काम आणि आधार मिळवून देऊ. २ नोव्हेंबरला न्यूयॉर्कजवळच्या एका विमानतळावर पहिली बैठक झाली. पुढे ९९ जणी सभासद झाल्या आणि संघटनेचं नावच ‘नव्व्याण्णव’ पडलं. त्या काळची प्रसिद्ध वैमानिक अमेलिया एअरहार्ट पहिली अध्यक्ष झाली. ती संघटना आजही मुलींना शिकायला मदत करते. आपल्याकडेही १९३६ साली सरला ठकराल या २१ वर्षांच्या, लेकुरवाळ्या बाईनं साडी नेसून एकटीनं विमान उडवलं होतं.

आणि हो, आम्ही गेलो बरं का! पुढच्या बुधवारी, स्वच्छ हवेत. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा जरा तिरका केला की वारा हात वर उचलतो, तसंच विमान उचललं गेलं. खाली मक्याची शेतं, चौकोनी गोधडीसारखी. धपाटे पुन्हा केले होते. पोचल्यावर विमानाच्या पंखाच्या सावलीत बसून खाल्ले.

आता गटाच्या पुढच्या बैठकीत दोन गोष्टींवर बोला. गटाच्या मशीनसाठी भिंतीवर तपासणीचा कागद आणि बिघाडाची वही आहे का? आणि वाहन चालवणाऱ्यानं, मग तो नवरा असो, मुलगा असो की वडापवाला, ‘आज नको’ म्हटलं, तर आपण त्याला काय म्हणतो? तो म्हणत नसेल, तर मागे बसलेल्या आपण म्हणतो का?

पाऊस तोंडावर आला आहे. फरशीवर पाणी दिसलं की थांबा. धपाटे दुसऱ्या दिवशीही होतात.