निवृत्तीनंतरची खुर्ची

न्यायाधीशांच्या राजकीय लागेबांध्यांचा विषय निघाला की आपण त्यांचा भूतकाळ खोदत बसतो: घराणं कोणतं, पक्ष कोणता, वकिली कोणाच्या हाताखाली केली. माझ्या मते न्यायालयाला त्याहून मोठा धोका पुढे मिळू शकणाऱ्या पदाचा आहे. बहरुल इस्लाम यांचं उदाहरण घ्या. काँग्रेसचे राज्यसभा सदस्य असलेले इस्लाम 1972 मध्ये राजीनामा देऊन गुवाहाटी उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. तिथून मार्च 1980 मध्ये निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात नेमण्यात आलं. डिसेंबर 1982 मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा पाटणा अर्बन सहकारी बँकेचा खटला मागे घेण्यास तिघांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक अशी मान्यता दिली. इस्लाम बहुमतात होते. विरोधी निकालपत्र न्या. तुळजापूरकर यांचं होतं. महिन्याभरातच इस्लाम यांनी राजीनामा दिला आणि बारपेट्यातून काँग्रेसची उमेदवारी घेतली. तिथली निवडणूक लांबली, तेव्हा पक्षाने त्यांना पुन्हा राज्यसभेवर पाठवलं. पुढे पाच न्यायाधीशांच्या पीठानेही तो निकाल तीन विरुद्ध दोन असा कायम ठेवला, म्हणजे कायद्याच्या कसोटीवर तो टिकला. तरीही 1982 च्या त्या निकालावरचा संशय काही फिटला नाही.

यावर कोणी कृष्णा अय्यर यांचं नाव घेईल, आणि ते रास्तच आहे. केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री राहिलेला हा माणूस मोठा न्यायाधीश ठरला. पण भूतकाळ सर्वांना दिसतो, आणि तो खुल्या न्यायालयात सांगूनही टाकता येतो. जुलै 2023 मध्ये राहुल गांधींची याचिका समोर येताच न्या. भूषण गवई यांनी आपल्या वडिलांचे काँग्रेसशी असलेले संबंध आणि भावाचं राजकारण स्वतःहून सांगितलं आणि कोणाची हरकत आहे का, असं विचारलं. दोन्ही पक्षांनी हरकत घेतली नाही. मनातल्या अपेक्षेबाबत असं काही विचारण्याची सोयच नाही.

घटना समितीत के. टी. शहा यांनी न्यायाधीशांना सरकारी पदं घेण्यास बंदी सुचवली होती. न्यायालयापुढे येणाऱ्या बहुतेक वादांशी सरकारचा फारसा संबंध नसतो, म्हणून प्रभावाची शक्यता दूरची, असं सांगून डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. 1949 साली ते पटण्यासारखं होतं. आज सरकार हाच देशातला सर्वांत मोठा पक्षकार आहे. लवाद आणि आयोगांना अनुभवी न्यायाधीश लागतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र कायद्यानेच माजी न्यायाधीश मागणारी पदं वेगळी आणि सरकारच्या मर्जीची राज्यपालपदं, राज्यसभेच्या नियुक्त्या वेगळ्या. पहिल्या प्रकारात निवड सरकारच्या हातून काढून घेता येईल. दुसऱ्या प्रकाराला निदान दोन वर्षांची आडकाठी हवीच. 2012 मध्ये विरोधी बाकांवर असताना अरुण जेटलींनी निवृत्तीनंतरच्या पदाची आशा निकालांवर परिणाम करते, असं जाहीरपणे म्हटलं होतं. 2014 मध्ये त्यांच्याच पक्षाच्या सरकारने माजी सरन्यायाधीश सदाशिवम यांना केरळचं राज्यपाल केलं. 2025 मध्ये सरन्यायाधीश झालेल्या गवईंनी निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही, असं सांगितलं; पण तो त्यांचा स्वतःपुरता शब्द आहे, पुढच्या सरन्यायाधीशांवर तो बंधनकारक नाही.