खोलीचा दर आणि रात्रीचा खर्च

मराठीत ‘हॉटेल’ म्हटलं की आधी मिसळ डोळ्यांपुढे येते, बिछाना नंतर. राहायच्या जागेला आपण लॉज म्हणतो, तिच्या पाटीवर ‘बोर्डिंग-लॉजिंग’ लिहिलेलं असतं, आणि मोटेल म्हणजे महामार्गावरचं ते ठिकाण, जिथे एसटी दहा-पंधरा मिनिटं थांबते आणि वडापाव गावातल्यापेक्षा महाग मिळतो. मूळचं अमेरिकन मोटेल मात्र मुक्कामाचंच : गाडी दाराशी लावायची, झोपायचं आणि सकाळी पुढे निघायचं. हा शब्द १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पो या गावातल्या अशाच एका जागेने पाटीवर आणला. पुढे १९६२ मध्ये त्याच राज्यात ‘मोटेल ६’ निघालं. रात्रीचं भाडं सहा डॉलर, म्हणून नावात सहा. २०२४ मध्ये आपल्या ओयोने ही साखळी ५२.५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा नाव तेच होतं. सहा डॉलरची खोली केव्हाच इतिहासजमा झाली होती. स्वस्त मुक्कामाविषयीच्या आपल्या बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. खोलीला एक खरी, ठरलेली किंमत असते आणि चतुर माणूस ती शोधून काढतो किंवा घासाघीस करून खाली आणतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मालक खोली विकत नाही, तो एक विशिष्ट रात्र विकतो. ती रिकामी गेली तर दुसऱ्या दिवशी विकता येत नाही, आणि मागणी असेल तर तीच रात्र दुपटीला जाते.

हे ध्यानात घेतलं की ‘ऐन वेळी गेलं की स्वस्त मिळतं’ हा समज अर्धाच खरा का, ते कळतं. मंगळवारी रात्री आठ वाजता जिल्ह्याच्या गावी स्टँडसमोरच्या लॉजमध्ये अर्ध्या किल्ल्या फळ्यावर टांगलेल्या असतील, तर मालक नक्कीच खाली येईल. त्याला शून्यापेक्षा सातशे रुपये बरे. तोच प्रयोग आषाढीला पंढरपुरात, गुरुपौर्णिमेला शिर्डीत किंवा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गोव्यात करणाऱ्याला मंडपात नाहीतर गाडीत झोपावं लागतं. ‘शनिवार-रविवार महाग’ हाही सरसकट नियम नाही. महाबळेश्वर, अलिबाग, लोणावळा इथे तो लागू पडतो, कारण तिथली गर्दी मुंबई-पुण्याच्या सुट्टीवर चालते. पण पुण्यात हिंजवडीच्या आसपासची हॉटेलं कंपन्यांच्या पाहुण्यांवर चालतात; सोमवार ते गुरुवार भरलेली आणि सुट्टीच्या दिवशी ओस. हंगामाचंही तसंच. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यावर भाडी पडतात, त्याच पावसात लोणावळ्याला शनिवारी खोली मिळत नाही. म्हणून ‘ऑफ सीझन’ हा शब्द कॅलेंडरवरून ठरवू नये. त्या गावात कोण येतं, कशासाठी येतं आणि कोणत्या दिवशी येत नाही, हे पाहावं. हे एकदा कळलं की सवलतीचे कूपन कोड शोधत बसायची गरज बरीचशी संपते.

दुसरा समज फार घट्ट बसलेला आहे : ॲपवर दिसतो तोच सर्वांत कमी दर. त्यात तथ्य नाही असं नाही. ॲपवाले कधी स्वतःच्या खिशातून सूट देतात, कधी बँकेच्या कार्डाची सवलत असते. पण प्रत्येक बुकिंगमागे ते हॉटेलकडून कमिशन घेतात आणि ते शेवटी भाड्यातूनच निघतं. मग थेट लॉजवाल्याकडे दर कमी का दिसत नव्हता? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड केला, त्या आदेशात याचं उत्तर आहे. आमच्यापेक्षा कमी दराने खोली दुसऱ्या मंचावर किंवा स्वतःच्या वेबसाइटवरही विकायची नाही, अशी अट हॉटेलांच्या करारात घातली जात होती. आयोगाने ती काढायला सांगितली. म्हणजे सगळीकडे सारखा दिसणारा दर ही बाजाराने ठरवलेली किंमत नव्हती, ते करारातलं कलम होतं. तेव्हा ॲपवर जागा निवडावी, पत्ता आणि फोटो पाहावेत, आणि मग लॉजच्या काउंटरला फोन लावून ‘थेट आलो तर काय घ्याल?’ असं विचारावं. छोट्या लॉजात हा प्रश्न अपमानाचा समजला जात नाही.

यावर हमखास आक्षेप येतो : थेट फोन केला तर फसवणूक होते. आक्षेप खरा आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये खास यात्रेकरूंसाठी इशारा दिला होता. केदारनाथ, चारधामसह अनेक ठिकाणची हॉटेलं, विश्रामगृहं आणि यात्रेच्या सोयी यांच्या नावाने बनावट वेबसाइट आणि व्हॉट्सॲप खाती चालवून लोकांना लुबाडलं जात होतं. मात्र ही फसवणूक थेट बोलण्यामुळे होत नाही. सर्चमध्ये पहिला दिसलेला नंबर खरा मानल्यामुळे आणि अनोळखी माणसाच्या वैयक्तिक खात्यावर सगळी रक्कम आगाऊ पाठवल्यामुळे होते. नंबर संस्थानाच्या किंवा हॉटेलच्या अधिकृत साइटवरून घेतला, आगाऊ रक्कम एका रात्रीपुरती ठेवली आणि पावती मागितली तर धोका बराच उतरतो. पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. इथे वेळेलाच किंमत आहे. आणि अनोळखी शहरात मध्यरात्री उतरायचं असेल, बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर ॲपवर शे-दोनशे जास्त मोजून खोली पक्की करणं यात हरल्यासारखं काही नाही. ती खात्रीची किंमत आहे, खोलीची नव्हे, एवढं माहीत असावं.

ॲपवरचा आकडा मात्र जरा बाजूला ठेवून वाचायला शिकलं पाहिजे. ‘फक्त १ खोली शिल्लक’ याचा अर्थ पुष्कळदा त्या मंचाला दिलेल्या खोल्यांपैकी एक उरली, इतकाच असतो. लॉजमध्ये आणखी सहा रिकाम्या असू शकतात. खोटी घाई निर्माण करणं आणि आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर शुल्कं चढवणं, या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरवलेल्या १३ फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत आहेत. न विचारता यादीत सरकवलेला विमा किंवा देणगी हीसुद्धा त्यातलीच. कराबाबत तर जुनी माहितीच अजून फिरते आहे. हजार रुपयांखालच्या खोलीला जीएसटी नाही, हे १८ जुलै २०२२ पासून खरं राहिलेलं नाही. तेव्हा तिथे १२ टक्के लागला. आणि ‘१२ टक्के द्यावाच लागतो’ हेही आता जुनं झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर हा कर ५ टक्के आहे. हजाराच्या खोलीचे कर धरून एक हजार पन्नास होतात. कोणी १२ टक्क्यांचा हिशोब सांगितला तर बिल मागावं आणि त्यावर जीएसटी क्रमांक आहे का ते पाहावं. सेवा शुल्क आपोआप बिलात धरता येत नाही, हे प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलं होतं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. दाद मागायची तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

दर कमी म्हणजे खर्च कमी, हा समज सर्वांत महागात पडतो. समजा स्टेशनजवळची खोली चौदाशेला आहे आणि गावाबाहेरची नऊशेला. पाचशे वाचले म्हणून आपण खूश. पण दिवसातून दोन फेऱ्या रिक्षाने, प्रत्येकी दीडशेच्या, म्हणजे तीनशे तिथेच गेले. सकाळचा चहा-नाश्ता तिथल्या एकमेव महाग उपाहारगृहात. आणि पहाटेच्या गाडीसाठी रिक्षावाला मागेल ते. मुंबईत तर लोकल मध्यरात्रीनंतर काही तास बंद असते, त्या वेळेत लांबचं ‘स्वस्त’ लॉज टॅक्सीच्या मीटरवर महाग होतं. वेळेचा हिशोबही असाच निसटतो. अनेक जुन्या लॉजांत चेकआउट चोवीस तासांचं असतं : रात्री दहाला आलात तर दुसऱ्या रात्री दहापर्यंत खोली तुमची. नव्या धर्तीच्या हॉटेलांत दुपारी बाराला यायचं आणि दुसऱ्या दिवशी अकराला निघायचं. पहाटे पाचला गाडीतून उतरणाऱ्याला तिथे एकतर लॉबीत बसावं लागतं, नाहीतर दोन दिवसांचं भाडं द्यावं लागतं. उलट ज्याला फक्त अंघोळ करून चार तास पडायचंय, त्याने पूर्ण दिवसाची खोली घेणं हाच अपव्यय. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर क्रमांकावर आयआरसीटीसीकडून स्टेशनातली रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरीतली खाट तासांच्या हिशोबाने घेता येते, हे कित्येक नियमित प्रवाशांनाही ठाऊक नसतं. मात्र लहान जागा म्हणजे स्वस्त, असंही नाही. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये पॉड हॉटेल उघडलं, तेव्हा एका माणसाच्या कप्प्याला बारा तासांचे ९९९ आणि चोवीस तासांचे १,९९९ रुपये होते. एकट्याला बारा तासांपुरतं ते परवडेल. नवरा-बायकोला दिवसभरासाठी चार हजार पडले असते, त्यात चांगली खोली येते. हॉस्टेलचंही तेच : खाट पाचशेला मिळाली तरी चौघांच्या कुटुंबाचे दोन हजार होतात, आणि सोळाशेच्या खोलीत दोनशेची जादा गादी टाकून तेच कुटुंब अठराशेत झोपतं.

धर्मशाळा आणि भक्तनिवास यांच्याबद्दल शहरी माणसाच्या मनात दोन उलट समज एकदमच नांदतात. एक, तिथे सगळं फुकट असतं. दुसरा, तिथे सगळं घाणेरडं असतं. शिर्डी, पंढरपूर, शेगाव, अक्कलकोट इथल्या मोठ्या निवासांत साध्या खोलीपासून वातानुकूलित खोलीपर्यंत प्रकार आहेत, त्यांचे दर लावलेले असतात आणि स्वच्छता बऱ्याच मध्यम लॉजांना लाजवील अशी असते. धार्मिक व धर्मादाय ट्रस्टांच्या आवारातल्या, दिवसाला हजाराहून कमी भाड्याच्या खोल्यांना जीएसटीची सूटही आहे. २०२२ च्या बदलानंतर अमृतसरच्या सराईंवरून वाद झाला तेव्हा सरकारने तसा खुलासा केला. अडचण वेगळी आहे, ती अटींची. कित्येक ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, मुक्काम एक-दोन दिवसांपुरताच असतो, रात्री दार ठरल्या वेळी बंद होतं. या अटी भाड्यात दिसत नाहीत, पण त्या भाड्याचाच भाग आहेत. शिवाय या सोयी केवळ यात्रेकरूंच्या नसतात. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांचा आणि त्यांच्या नातेवाइकांचा आधार आहे. पर्यटनासाठी पाच-सातशे वाचवू पाहणाऱ्याने अशा जागी रांग लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तारे आणि तक्रारी यांवरून पारख करणाऱ्यांनीही एक फरक ध्यानात ठेवावा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचं तारांकित वर्गीकरण ऐच्छिक आहे आणि साध्या लॉजांपैकी बहुतेक त्या वाटेला जातच नाहीत, ॲपवरचा ‘४.२’ हा पाहुण्यांच्या मतांचा सरासरी आकडा, त्याचा त्या ताऱ्यांशी संबंध नाही. हजार मतांच्या सरासरीपेक्षा गेल्या दोन महिन्यांतली दहा मतं वाचणं अधिक उपयोगाचं. त्यातही सेवा, अगत्य, अनुभव असले मोघम शब्द सोडून गरम पाणी किती वाजेपर्यंत, लिफ्ट आहे का, खिडकी कुठे उघडते, असं लिहिणाऱ्याचं ऐकावं.

दारात गेल्यावर परत पाठवलं जातं तेही बहुधा गैरसमजापोटीच. ‘आधारच पाहिजे’ असं काउंटरवरचा माणूस म्हणतो. वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट हीही सरकारी फोटो-ओळखपत्रंच आहेत. आधार द्यायचंच तर शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रत यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येते, ती द्यावी. सज्ञान अविवाहित जोडप्याला खोली देणं बेकायदा आहे, हाही असाच पसरलेला समज. असा कोणताही कायदा नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोइंबतूरच्या प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही हॉटेलने स्वतःचा नियम केला तर रात्री अकराला काउंटरवर वाद घालून खोली मिळत नाही. बुकिंगआधी विचारलेलं बरं. परदेशी पासपोर्ट असलेल्या आपल्याच भाच्या-पुतण्यांना घेऊन कोकणात निघालेल्यांनी तर हे आधीच विचारून ठेवावं. परदेशी नागरिक उतरला की त्याची माहिती चोवीस तासांत सरकारला कळवावी लागते, आणि तो व्याप नको म्हणून छोटे लॉजवाले सरळ ‘खोली नाही’ म्हणतात. मराठीत कितीही गोड बोललं तरी पासपोर्ट निळा अमेरिकन असेल तर उपयोग होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी फोन लावाल तेव्हा ‘खोली केवढ्याला?’ हा प्रश्न शेवटी ठेवा. चेकआउट चोवीस तासांचं की सकाळचं, भाडं किती माणसांचं, कर धरून की सोडून, कोणतं ओळखपत्र चालेल आणि स्टँडपासून चालत किती मिनिटं, हे आधी विचारा. उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि ज्याने ती दिली त्याचं नावही.